हजार वर्षांच्या झाडाची पोरं कुठं गेली?

झाडाच्या पोटात बार होता. गंमत नाही, खरंच होता.

दक्षिण आफ्रिकेतल्या लिंपोपो प्रांतात सनलँड नावाचं एक फार्म आहे. तिथं एक बाओबाब होता. इतका अवाढव्य की नुसत्या बुंध्याचा घेर 34 मीटर. म्हणजे वीस-बावीस जणांनी हातात हात धरून फेर धरला, तर कुठं कडं पूर्ण व्हायचं. बुंधा आतून पोकळ. 1993 साली फार्मच्या मालकांनी ती पोकळी साफसूफ केली, आत काउंटर लावला, बिअरचे नळ बसवले, भिंतीला (म्हणजे झाडालाच) डार्टबोर्ड टांगला आणि बार सुरू केला. पंधराएक माणसं आरामात बसायची. एकदा तर म्हणे चोपन्न जण आत कोंबले होते.

जगभरातून लोक यायचे. झाडाच्या पोटात बसून बिअर प्यायची, फोटो काढायचा. तुम्ही-मी तिथं असतो, तर आपणही काढला असता. उगाच सोवळेपणा नको.

तर हा बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. मुंबईत राणीच्या बागेत आहे, वसईच्या किल्ल्यात आहे. जाड, फुगीर, राखाडी खोड आणि त्यावर आखूड, वेड्यावाकड्या फांद्या. उन्हाळ्यात पानं झडली की कुणीतरी झाड उपटून उलटं रोवलंय आणि मुळं आभाळाकडे केलीत असं वाटतं. आफ्रिकेत तशी गोष्टच सांगतात. देवाला राग आला, त्यानं झाड उचलून फेकलं, ते उलटं पडलं आणि तसंच उगवलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आता सनलँडच्या झाडाचं वय. येणाऱ्या पर्यटकाला आकडा सांगितला जायचा, सहा हजार वर्षं. म्हणजे पिरॅमिडांच्याही आधीचं झाड! मग रेडिओकार्बन पद्धतीनं तपासणी झाली आणि आकडा आला साधारण 1060, त्यात पाऊणशे वर्षं इकडेतिकडे. सहा हजाराचे एकदम हजार झाले.

पण जरा थांबा. हजार वर्षं म्हणजे कमी झाली का? ते झाड रुजलं तेव्हा ज्ञानेश्वरांचा जन्म व्हायला तीनएकशे वर्षं बाकी होती. शिवाजी महाराज जन्मले तेव्हा ते जवळपास सातशे वर्षांचं होतं. एवढं खरं वय हातात असताना सहा हजाराची फोडणी कशाला लागते? लागते, कारण आपल्याला झाड नको असतं, रेकॉर्ड हवा असतो. सगळ्यांत मोठं, सगळ्यांत जुनं, जगात एकमेव. रीलवर लिहायला काहीतरी पाहिजे ना.

ही खोड आजची नाही. या झाडाचं शास्त्रीय नाव अ‍ॅडन्सोनिया, ते मिशेल अ‍ॅडनसन या फ्रेंच निसर्गअभ्यासकावरून पडलं. अठराव्या शतकाच्या मध्यात तो सेनेगलला गेला होता. तिथल्या बाओबाबांच्या सालीवर आधीच्या काळातल्या युरोपीय खलाशांनी आपापली नावं कोरून ठेवलेली होती. (गडावरच्या दगडावर बदाम काढून नाव कोरणाऱ्यांनी खूश व्हायला हरकत नाही, परंपरा जुनी आहे.) अ‍ॅडनसननं त्या कोरीव नावांवर लाकडाचा किती थर चढलाय ते बघून हिशेब मांडला आणि काही झाडं पाच हजार वर्षांहून जुनी असतील असा निष्कर्ष काढला. तेव्हापासून जो फुगा फुगला, तो फुगलाच.

बाओबाबचं वय काढणं खरंच अवघड असतं. एरवी झाड कापलं की वर्तुळं मोजता येतात. याची वर्तुळं पुसट, काही ठिकाणी नसतातच. लाकूड स्पंजासारखं, त्यात बहुतांश पाणी. घेरावरून अंदाज करावा, तर दुष्काळात खोड चक्क आक्रसतं आणि पाऊस पडला की पुन्हा फुगतं. त्यात हे झाड म्हणजे बऱ्याचदा एक खोड नसतंच. अनेक खोडं गोलात वाढतात, एकमेकांना चिकटतात आणि मधली मोकळी जागा तशीच राहते. आपण जिला ढोली म्हणतो, तिथं कधी लाकूड नव्हतंच! रोमानियातल्या बाबेश-बोल्याई विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅड्रियन पॅट्रुट आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं याच कामामागे होते. झाडाच्या आतून-बाहेरून लाकडाचे बारीक नमुने काढायचे आणि त्यातल्या कार्बनवरून वय ठरवायचं. 2005 पासून त्यांनी आफ्रिकेतले साठाहून अधिक मोठाले बाओबाब असे तपासले.

आणि तपासता तपासता झाडं पडायला लागली.

झिंबाब्वेतला पांके नावाचा बाओबाब हा त्यांच्या यादीत सगळ्यांत म्हातारा, सुमारे 2450 वर्षांचा. तो 2010-11 मध्ये मेला. बोट्स्वानातला चॅपमन्स बाओबाब हा माळरानावरून जाणाऱ्या जुन्या प्रवाशांचा मैलाचा दगड, लोक त्याच्या ढोलीत एकमेकांसाठी पत्रं ठेवून जायचे. तो जानेवारी 2016 मध्ये कोसळला. सनलँडच्या झाडाचा एक मोठा भाग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तुटला, पुढचा एप्रिल 2017 मध्ये. बार बंद. 2018 साली ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकात पॅट्रुट यांचा निबंध आला. सगळ्यांत जुन्या 13 बाओबाबांपैकी 9, आणि सगळ्यांत मोठ्या 6 पैकी 5, एकतर मेलेत किंवा त्यांचा सगळ्यांत जुना भाग कोसळलाय, तेही जेमतेम बारा वर्षांत. हजार-दोन हजार वर्षं उभी राहिलेली झाडं, आणि तुम्ही शाळेत जायला लागल्यापासून बारावीला पोचेपर्यंतच्या काळात आडवी झाली.

कारण? संशोधकांनी वाढत्या तापमानाकडे आणि दुष्काळाकडे बोट दाखवलं, पण जपून. आम्हाला असा संशय आहे, ठामपणे म्हणायला आणखी अभ्यास हवा, असं त्यांनी निबंधातच म्हटलं होतं. बातम्यांमध्ये हा जपूनपणा अर्थातच गळून पडला. ‘हवामान बदलानं घेतला महावृक्षांचा बळी’. झालं. दोन दिवस सगळ्यांनी हळहळून घेतलं, रडक्या इमोजी टाकल्या, पुढं स्क्रोल केलं.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. हळहळ खोटी होती असं मी म्हणत नाही. पण म्हातारं झाड मरणार, हे काही विपरीत नाही. सगळी म्हातारी मरतात. घरात आजोबा गेले की वाईट वाटतं, पण घर संपत नाही, कारण मागे माणसं असतात. मग या झाडांच्या मागे कोण आहे? हजार वर्षांच्या झाडाची पाचशे वर्षांची धाकटी भावंडं कुठं आहेत, शंभर वर्षांची मुलं कुठं आहेत, पाच वर्षांची नातवंडं कुठं आहेत? हा प्रश्न कुठल्याच हेडलाइनमध्ये नव्हता. कारण नातवंडांसोबत कुणी सेल्फी काढत नाही.

बाओबाबच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे. त्याचं पोर आईबापासारखं दिसतच नाही. मोठ्या झाडाचं पान हाताच्या पंजासारखं, पाच-सात बोटांचं. रोपाचं पान साधं, एकेरी, कुठल्याही झुडपाचं खपून जाईल असं. खोडही काडीसारखं. त्यामुळं बाओबाबच्या सावलीत वाढलेली माणसंसुद्धा रोप ओळखत नाहीत. मघाची गोष्ट आठवा, देवानं झाड आभाळातून फेकलं ती. आफ्रिकेत काही ठिकाणी लोक मानत आलेत की बाओबाब लहान नसतोच, तो थेट मोठाच येऊन पडतो. आपण हसू. पण आपलंही तेच चाललंय की. आपल्याही डोक्यात झाड एकदम मोठंच असतं.

रोप ओळखू आलं नाही की काय होतं? शेळी खाते. लिंपोपोमधल्या गावांच्या आसपास, जिथं गुरं-शेळ्या चरतात, तिथं मोठे बाओबाब दिसतात, पण लहान फारसे नसतात. मोठ्या झाडाला शेळी काय करणार? तिचं सगळं लक्ष गुडघाभर उंचीच्या रोपावर. वर्षानुवर्षं फळं येतात, बिया पडतात, रोपं उगवतात आणि संपतात. वरून बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे, कारण मोठं झाड तर उभंच आहे. ते पडतं तेव्हा कळतं की मागे रांगच नव्हती.

यावर तिथं जे केलं गेलं, ते मला फार आवडलं. सारा व्हेंटर या संशोधक बरीच वर्षं लिंपोपोतल्या बाओबाबांचा अभ्यास करतायत. तिथल्या व्हेंडा भागातल्या गावांमधल्या बायका बाओबाबची फळं गोळा करून विकतात. फळातला आंबट पांढरा गर सी जीवनसत्त्वानं भरलेला. 2008 साली युरोपीय संघानं तो खाद्यपदार्थ म्हणून विकायला परवानगी दिली आणि मागणी वाढली. व्हेंटर यांनी याच बायकांना रोपांच्या राखणदार केलं. रोप लावायचं, भोवती काटेरी कुंपण घालायचं, पाणी घालायचं आणि ते तीन मीटर उंच होईपर्यंत सांभाळायचं. जसजसं रोप वाढतं, तसतसे पैसे मिळतात. तीन मीटर का? त्या उंचीला शेळीचं तोंड पोचत नाही. बस्स, एवढाच हिशेब आहे. मला यात ‘निसर्गमाता’, ‘हरित भविष्य’ असले शब्द कुठं दिसत नाहीत, शेळीच्या मानेची उंची मात्र दिसते. म्हणून ते खरं वाटतं.

याच्या बरोबर उलटं टोकही बघून घ्या. पैसा असेल तर म्हातारं झाड विकतही मिळतं. 2022 मध्ये केनियातल्या किलिफी किनाऱ्यावरचे मोठे बाओबाब मुळासकट उपटून जहाजानं थेट जॉर्जिया देशातल्या एका बागेत न्यायला सुरुवात झाली. ओरड झाली तेव्हा केनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी चौकशीचे आदेश दिले. लांबचं वाटतंय? मांडूला सहलीला गेला असाल, तर रस्त्याच्या कडेला मखमली सालीची ती फळं विकायला ठेवलेली पाहिली असतील. ‘मांडू की इमली’. तीही गोरखचिंचच. आफ्रिकेतून आपल्याकडे हे झाड एकदा नाही, अनेकदा आलं. व्यापाऱ्यांबरोबर आलं, इथल्या सुलतानांच्या पदरी असलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर आलं, असं जनुकीय अभ्यास सांगतो. तर त्याच धार जिल्ह्यातली मोठमोठी झाडं काही वर्षांपूर्वी उपटून ट्रेलरवरून हैदराबादच्या बाजूला नेली जायला लागली. गावकरी आडवे आले, प्रकरण हायकोर्टात गेलं. ज्याला शंभर-दोनशे वर्षं थांबायचं नाही, तो तयार झाड उचलून नेतो.

आता आपल्याकडे या. मे 2024 मध्ये मुंबईत सांताक्रूझला एस. व्ही. रोडवरची एक जुनी गोरखचिंच मेट्रो 2बीच्या कामासाठी तोडली. बातम्यांमध्ये तिचं वय तीनशे वर्षं लिहिलं होतं. खरंच तीनशे? की दोनशे, की शंभर? सांगणार कसं? ती कुणी लावली, कधी लावली, याची कुठं नोंद असेल तर ना. आणि इथं वयाचा आकडा नुसता मिरवायचा नसतो, त्यावर कायदा चालतो. महाराष्ट्रात शहरांमधल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, तो 2021 मध्ये सुधारला गेला. त्यानुसार पन्नास किंवा जास्त वर्षांचं झाड म्हणजे ‘हेरिटेज ट्री’. आणि झाड तोडावंच लागलं, तर त्याचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावायची.

कागदावर हे चांगलंच आहे, याआधी एवढंही नव्हतं. पण दोन गोष्टी खटकतात. पहिली, तीनशे वर्षांच्या एका झाडाच्या बदल्यात एकेक वर्षाची तीनशे रोपं, ही बेरीज गणितात बरोबर आणि जंगलात चूक. लिंपोपोमध्येच सागोले गावाजवळ 33 मीटर घेराचा एक बाओबाब अजून उभा आहे. सनलँडचं झाड गेल्यावर दक्षिण आफ्रिकेतला सगळ्यांत मोठा तोच. त्याच्या पोकळीत पाकोळ्यांची वसाहत आहे. तीनशे रोपं एका ओळीत लावून एकही पाकोळी त्यात राहायला येणार नाही. ढोली पडायला शतकं जातात, तिला शॉर्टकट नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती तुमच्या कॉलेजच्या गेटच्या आत आहे. पन्नास वर्षांच्या झाडाला निदान ‘हेरिटेज’ हा बिल्ला आहे. आजच्या रोपाला वनमहोत्सव आहे. जुलैमध्ये एनएसएसचा कार्यक्रम होतो, पाहुणे येतात, एका रोपाला सात जण हात लावून फोटो काढतात. मधल्यांचं काय? वीस, तीस, पस्तीस वर्षांच्या झाडांचं? ती ना हेरिटेज, ना फोटोजेनिक. पार्किंगची शेड वाढवायची असेल, नव्या इमारतीचा पाया खोदायचा असेल, वार्षिक स्नेहसंमेलनाच्या स्टेजला फांद्या आड येत असतील, की पहिली कुऱ्हाड यांच्यावर. शेळीच्या तोंडून सुटलेली, दुष्काळ काढलेली, खरं तर पास झालेली झाडं आहेत ही. पुढं पाचशे वर्षं कुणी उभं राहणारच असेल, तर ते यांच्यातलंच एखादं. आणि यांचीच कुठं मोजदाद नाही.

कुणी म्हणेल, आम्ही स्टुडंट्स, परीक्षा, इंटर्नशिप, प्लेसमेंट यातून वर मान काढायला वेळ नाही आणि तुम्ही आम्हाला झाडं मोजायला सांगताय. सांगतोय, कारण तुमच्याकडे तीन वर्षं आहेत आणि रोपाला नेमकी तेवढीच लागतात. एफवायला लावलेलं रोप टीवायला जाईपर्यंत जगवायचं, एवढीच अट घाला. यंदा शंभर नका लावू, पाच लावा. आणि हो, गोरखचिंचच लावा असं मी अजिबात म्हणत नाही. वड लावा, चिंच लावा, मोह लावा, तुमच्या मातीत जे टिकतं ते लावा. शहरात शेळ्या नाहीत म्हणून निवांत राहू नका. तिथली शेळी म्हणजे रिव्हर्स घेणारी बाइक, गवत कापणारं मशीन आणि मे महिन्याची सुट्टी. रोपं सुट्टीतच मरतात, कारण पाणी घालणारे गावी गेलेले असतात. मे महिन्यात हॉस्टेलवर कोण राहणार आहे, ते एप्रिलमध्येच ठरवून ठेवा.

दुसरं काम त्याहून सोपं आहे. त्याला खड्डा खणावा लागत नाही, वही पुरते. कॅम्पसमधल्या मधल्या वयाच्या झाडांची यादी करा. कुठलं झाड, कुठं आहे, घेर किती, आणि मुख्य म्हणजे कुठल्या वर्षी लावलं. शेवटच्या रकान्यातच सगळी ग्यानबाची मेख आहे. सनलँडच्या झाडाचे सहा हजार झाले, सांताक्रूझच्या झाडाचा आकडा हवेत राहिला, कारण लावणाऱ्यानं तारीख लिहिलेली नव्हती. तुमच्या लायब्ररीमागचा वड 1991 साली लावला, हे आज लिहून ठेवलंत, तर 2041 मध्ये त्याच्या पन्नाशीसाठी कुणाला भांडावं लागणार नाही, अंदाजपंचे घेर मोजावा लागणार नाही. कॉलेजचे जुने वार्षिक अंक काढा. त्यातल्या ग्रुप फोटोंच्या मागे ही झाडं काडीएवढी दिसतील, फोटोखाली साल छापलेलं असेल. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर विचारा, कुणालातरी आठवतच असतं.

पण त्याआधी माळीकाकांकडे जा. कुठलं झाड कुणी आणलं, कुठल्या प्राचार्यांच्या वेळी लागलं, कुठलं दोनदा मेलं आणि तिसऱ्यांदा जगलं, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे आणि कुठल्याही फाइलमध्ये नाही. ते रिटायर कधी होतायत, एवढं फक्त आधी विचारून घ्या.